१९९०च्या आधीचं विसरू नका
अमेरिकेत अपंगांना हक्क १९९०च्या कायद्याने मिळाले, हे नेहमीचं म्हणणं अर्धंच खरं. १९७३च्या पुनर्वसन कायद्यातल्या कलम ५०४ने केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थांना भेदभावाची मनाई आधीच केली होती. हे कलम अमलात आणणाऱ्या नियमांवर सरकारची सही मात्र होईना. म्हणून एप्रिल १९७७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कार्यालयात शंभरावर लोक ठाण मांडून बसले, तीन आठवड्यांहून जास्त! कार्यालयाचे फोन तोडले गेल्यावर कर्णबधिर आंदोलक खिडकीतून खुणांच्या भाषेत निरोप देत. गरम जेवण कुणी पुरवलं? कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाने.

या आंदोलनाच्या पुढाऱ्यांपैकी ज्युडी ह्यूमन या सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्कलीच्या स्वतंत्र जीवन केंद्रातल्या. मदतनीस कोण हवा, हे अपंग व्यक्तीनेच ठरवायचं, असं १९७२पासून मांडणारं ते केंद्र.