पहिला डिजिटल कॅमेरा: कुठल्या दोघांत अडकला होतात आणि शेवटी कुठला घेतलात?

सोनटक्का
परवा भाचीचा फोन. "मावशी, तुझा तो जुना डिजिकॅम आहे का गं अजून? कॉलेजच्या ट्रिपला हवाय." हातात चांगला महागडा फोन आहे बरं का तिच्या. पण फोनचे फोटो म्हणे 'फार स्वच्छ' येतात, आणि सगळ्या मैत्रिणी आईबाबांचे कॅमेरे शोधून काढतायत. मीही माळ्यावर चढले. कॅनन ए७१० आयएस. खोक्यात वॉरंटी कार्डाखाली घडी घातलेला एक फुलस्केप निघाला. शिडीवरच बसून वाचला.

२००७ चा कागद, नवऱ्याचं अक्षर, दोन रकाने: ए५७० आयएस आणि ए७१० आयएस. दोन्ही ७.१ मेगापिक्सेल, दोन्ही दोन पेन्सिल सेलवर चालणारे, स्क्रीन अडीच इंची, दोन्हींत आयएस (हात हलला तरी फोटो हलू न देणारी सोय). ए५७० त्या वर्षीचा, डिजिक ३ प्रोसेसरवाला, चेहरे ओळखणारा, शिवाय स्वस्त. ए७१० आदल्या वर्षीचा, डिजिक २, पण झूम ६ एक्स. नवरा म्हणे नवीन असताना जुनं मॉडेल कशाला? माझा जीव मॅक्रोत, म्हणजे अगदी जवळून फोटो काढण्यात, अडकलेला. ए७१० एका सेंटिमीटरवरून फोकस करायचा, ए५७० ला पाच लागायचे. मला कासला जाऊन सीतेची आसवं काढायची होती, नखाएवढं फूल ते. पाच सेंटिमीटरवरून काय दिसणार?

त्याच्या रकान्यात 'आयएसओ १६००' ला दोनदा अधोरेखित (आकडा मोठा तेवढं कमी उजेडात जमतं; ए७१० ला ८०० च). माझ्यात 'एफ ४.८ वि. ५.५' ला चौकोन. हा आकडा लहान तेवढी लेन्स जास्त उघडते, म्हणजे ए७१० पूर्ण झूमला २१० मिमीपर्यंत जाऊनही १४० वर थांबणाऱ्या ए५७० पेक्षा जास्त उजेड आत घेतो. हा मुद्दा मांडल्यावर साहेब गप्प. :)

तर तुमचे ते दोन कोण होते? कशावरून ठरलं? नवे अनुभवही चालतील. फोनवरून लिहीत असाल तर शुद्धलेखन माफ.

स्लो_लोकल
रुमाल टाकून ठेवतो. रात्री लिहितो.

खारीबटर
सोनी डब्ल्यू५५ वि. हाच तुमचा ए५७०. सोनी घेतला. कारण एकच, शर्टाच्या खिशात जायचा. कॅननला सेलचा तो फुगवटा होता ना उजव्या हाताला, तो बायकोला आवडला नाही. कागदावर बघाल तर कॅनन पुढे होता, आयएस त्यात, झूम ४ एक्स त्यात, ह्यात नुसतं ३ एक्स. पण खिशात असलेला कॅमेराच फोटो काढतो.

मेमरी स्टिकमुळे (सोनीचं वेगळंच कार्ड) ऑफिसच्या ट्रिपला माझं कार्ड कोणी मागायचं नाही. सगळ्यांची एसडी इकडून तिकडे, हरवाहरवी, 'माझे फोटो कुणाकडे गेले' वगैरे. माझे सगळे माझ्याकडे. २०१० पासून सोनीतही एसडी चालायला लागलं आणि ही ऐट संपली.

सह्यभ्रमर
सेल! ह्या एका शब्दावर आमच्या ग्रुपात दोन तट होते. लिथियमवाले आणि पेन्सिलवाले. मी पेन्सिलवाला. रतनवाडीत मुक्काम, गावात लाईट असेलच असं नाही, चार्जर लावणार कुठे? सेल कसे, टपरीवर पण मिळतात.

मिळतात, पण ते लाल साधे सेल घातले की फ्लॅश एकदा मारायचा आणि कॅमेरा 'बॅटरी बदला' म्हणून डोळे मिटायचा. अल्कलाईन जरा बरे. खरी गंमत २५०० एमएएचच्या रिचार्जेबलमध्ये. आकडा मोठा बघून घेतले, आणि चार्ज करून पंधरवडाभर कपाटात ठेवले तर गडावर जाईपर्यंत निम्मे रिकामे. मग सान्योचे एनेलूप आले (बाजारात २००५ च्या अखेरीस, माझ्यापर्यंत बऱ्याच उशिरा). आकडा २००० च, पण वर्षभर पडून राहिले तरी बहुतेक चार्ज जागेवर. कॅमेरा कुठलाही घ्या, आधी सेल बघा, असं मी तेव्हा लोकांना पकडून पकडून सांगायचो.

@सोनटक्का, ए७१० असेल तर त्यावर सीएचडीके घातलं होतं का? कार्डावरून चालणारं ते उपद्व्यापी सॉफ्टवेअर. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो मिळायचे, आणि वीज चमकली की आपोआप क्लिक करणारी स्क्रिप्ट होती. माझ्या ए५७० ने राजमाचीच्या पावसात काढलेली वीज अजून भिंतीवर आहे.

सोनटक्का
@सह्यभ्रमर, नाही हो, तेवढी हिंमत नव्हती. हप्ते चालू होते कॅमेऱ्याचे!

अर्धा_कप
मी दुकानात दोन्ही कॅमेरे मागून घेतले आणि भिंतीवरच्या घड्याळाचे फोटो काढले. सेकंदकाटा बारावर आला की बटण दाबायचं आणि फोटोत तो कुठे पोचला ते बघायचं. एकात काटा बारापाशीच, दुसऱ्यात चांगला पुढे गेलेला. दुकानदार म्हणाला मॅडम घड्याळ विकायचं नाहीये :D

कारण आधी दादाचा कॅमेरा वापरला होता त्याच्या मेव्हणीच्या लग्नात. अंतरपाट दूर होतानाचा फोटो हवा होता. बटण दाबलं, कॅमेऱ्याने विचार केला, मग फोकस केलं, मग क्लिक. फोटोत अक्षता पडून झालेल्या, नवरा नवरी हार नीट करतायत, आणि पुढे काकूंची पाठ. नंतर युक्ती कळली. 'तदेव लग्नं' सुरू झालं की अर्धं बटण दाबून फोकस धरून ठेवायचा आणि वाजंत्री वाजली की पूर्ण दाबायचं. तरी जो पटकन क्लिक करायचा तोच घेतला. नाव नाही सांगत, उगाच वाद नको.

नदीकाठ
'कॅमेऱ्याने विचार केला' ह ह पु वा (हसून हसून पुरेवाट).

दीडशहाणा
मेगापिक्सेलचं कोणीच कसं काढलं नाही अजून? आमच्या गावातला दुकानदार ७ चा बाजूला सारून १० चा पुढे करायचा, "साहेब तीन जास्त आहेत." गणित असं. ७ वाल्याचा फोटो ३०७२ × २३०४, १० वाल्याचा ३६४८ × २७३६. म्हणजे रुंदीत वाढ एकोणीस टक्के फक्त. आणि आपण प्रिंट काढणार चार बाय सहा. त्याला १८०० × १२०० पुरतात, म्हणजे दोन मेगापिक्सेल! सेन्सर (उजेड टिपणारी चिप) तेवढाच, त्यावर ठिपके जास्त कोंबलेले, म्हणून संध्याकाळी फोटोत खसखस पेरल्यासारखी दिसायची.

मी कॅनन ए६१० आणि ए६२० मध्ये अडकलो होतो, २००६ मध्ये. बाकी भावंडं सारखीच, एक ५ चा, एक ७.१ चा. ५ चा घेतला आणि उरलेल्या पैशांत चार्जर, सेल, कार्ड. दोन्हींचा सेन्सर १/१.८ इंची, म्हणजे वरच्या ए५७० वगैरेंच्या दीडपट क्षेत्रफळाचा. फिरणारी स्क्रीन होती, ती वळवून सेल्फी काढायचो. तेव्हा तो शब्द ऐकलाही नव्हता.

मुक्काम_एडिसन
इथे अमेरिकेत एक वेगळाच प्रकार. मी फक्त हमाल. "येताना एक कॅमेरा घेऊन ये" हे वाक्य डिसेंबर जवळ आला की प्रत्येक फोनवर. आत्याला दोन मॉडेलमधला फरक समजावून सांगितला, सेन्सर, झूम, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण शेजारच्यांकडचा कुठला आहे?" तोच नेला. शेजाऱ्यांकडे मॅन्युअल होतं आणि त्यांचा मुलगा वापरायला शिकवायला तयार होता. आता विचार केला की वाटतं, सगळ्यात व्यवहारी तुलना तिचीच. वॉरंटी अमेरिकेतली, पुण्यात कोण विचारतो, पण तिचा कॅमेरा वर्षानुवर्षं चालला.

बिनबिलाचा
(आयडी ह्या धाग्यासाठीच घेतला की काय असं वाटेल, पण जुना आहे.)
आमचे दोन कॅमेरे म्हणजे एकच मॉडेल! बिलाचा आणि बिनबिलाचा. बोरा बाजारात उभे, मी आणि मामा. बिनबिलाचा बराच स्वस्त. मामा रेल्वेत, तपासणीची सवय. खोक्यावरचा नंबर आणि कॅमेऱ्याच्या बुडावरचा नंबर जुळवला, सील बघितलं, चार्जरची पिन बघितली. पिन जपानी, चपट्या दोन पट्ट्यांची. मग मेन्यू उघडला तर सगळा जपानी. इंग्रजीवर कर म्हटलं तर दुकानदार म्हणतो "घरी जाऊन होतं". मामा म्हणाले आत्ता कर. होईना. जपानी बाजारासाठी बनवलेल्या काही कॅमेऱ्यांत दुसरी भाषा नसतेच. बिलाचा घेतला आणि वर मामांनी इस्माईल बिल्डिंगसमोर उसाचा रस पाजला.

स्लो_लोकल
आलो. वरचं वाचून माझं काय लिहायचं होतं तेच विसरलो. हां, वडील. डिजिटल घेतल्यावर चार-पाच महिने ते विचारायचे, "रोल संपला का? धुवायला कधी टाकतोस?" स्क्रीनवर दाखवला फोटो तरी. त्यांच्या लेखी कागदावर आल्याशिवाय फोटो नाहीच. त्यांचं ऐकून तेव्हा प्रिंट काढल्या, तेवढ्याच आज आहेत. हार्ड डिस्क २०११ ला गेली.

नदीकाठ
@स्लो_लोकल, अरेरे. आमचीही गेली. मुलीचं बारसं त्यातच होतं.

सोनटक्का
हे वाचून पोटात गोळा आला. आजच सगळं दोन ठिकाणी कॉपी करते.

माडाखाली
रत्नागिरी. इथे कॅमेरा कुठला घ्यायचा ह्यापेक्षा तो श्रावणापर्यंत टिकवायचा कसा हा प्रश्न. भिंतींना बुरशी, चपलांना बुरशी, लेन्सला पण धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. चामड्याच्या केसमध्ये मुळीच ठेवू नका, ते ओल धरतं. हवाबंद डबा आणि सिलिका जेल. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करायचे, पण तो तवा स्वयंपाकाचा नको, वेगळा ठेवा. आणि @सोनटक्का, माळ्यावर ठेवताना सेल काढले होते ना? फुटून आत गळले तर पट्ट्या खातात.

सोनटक्का
काढले होते, आईची शिकवण, रिमोटचे पण काढते. लेन्स स्वच्छ आहे. तारीख मात्र विचारतोय प्रत्येक वेळी.

माडाखाली
तारखेचा छोटा बटण सेल वेगळा असतो आत, तो संपला असेल. बदला.

भिजकी_सॅक
थोडा अलीकडचा अनुभव. २०१८, पावसाळी भटकंतीसाठी. ऑलिंपस टीजी-५ की निकॉन डब्ल्यू३००? निकॉन ३० मीटर खोल पाण्यात जातो, ऑलिंपस १५ च. पण मी कुठे बुडी मारणार, ताम्हिणीत धबधब्याखाली उभी राहणार फार तर. मग राहिलं काय, तर लेन्स. ऑलिंपस एफ २, निकॉन एफ २.८. भीमाशंकरच्या जंगलात भर दुपारी काळोख असतो, तिथे हा फरक कळतो. आणि ऑलिंपस रॉ देतो.

@दीडशहाणा, तुमच्यासाठी खास. टीजी-४ सोळा मेगापिक्सेलचा होता, टीजी-५ आला तो बारा! कंपनीनेच कमी केले. दुकानात मुलगा म्हणे मॅडम जुन्यात जास्त आहेत. :)

पानाखालच्या बेडकाचे फोटो काढायला हात आत घालायचा आणि अंदाजाने क्लिक. चिखल झाला की नळाखाली धुवायचा. फक्त बॅटरीचं झाकण बंद करताना रबरावर वाळूचा कण नाही ना ते बघायचं, केसभर पुरतो.

दीडशहाणा
@भिजकी_सॅक, दंडवत. हे वाक्य फ्रेम करून त्या दुकानदाराला देतो.

कोरी_पाटी
मोबाईल असताना आता कॉम्पॅक्ट कोण घेतं असं म्हणणाऱ्यांसाठी. मी गेल्या वर्षी घेतला. रिको जीआर ३ वि. फुजी एक्स१०० व्ही, दोन्ही सेकंडहँड. फुजी हातात घेतला की खाली ठेववत नाही, डायल, व्ह्यूफाइंडर, फ्लॅश, सगळं आहे. पण पाऊण हात लांब ठेवलेला कॅमेरा बघून समोरचा माणूस सावध होतो. वजन ४७८ ग्रॅम. रिको २५७. त्यात व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही, स्क्रीन हलत नाही, झूम दोन्हींत नाही. २८ मिमी म्हणजे जवळ जावंच लागतं. पण खिशातून काढून एका हाताने क्लिक, आणि तुळशीबागेत कुणाचं लक्षही जात नाही. रिको घेतला.

वर खारीबटर म्हणाले ना खिशाचं, त्याला +१.

खारीबटर
बघा. आणि बायको म्हणते खिसे फाटतात.

पोरगी_धाग्यावर
मी त्या भाचीच्याच वयाची! प्लीज कोणीतरी सांगा. मला दोन मिळतायत, एक २००८ चा सीसीडीवाला आणि एक २०१४ चा सीमॉसवाला (सेन्सरचे दोन प्रकार). सगळे म्हणतात सीसीडीचे रंग वेगळे असतात. खरंय का?

दीडशहाणा
रंग ठरवतो आतला प्रोसेसर आणि त्या काळच्या कंपनीची आवड. सेन्सरचं श्रेय थोडं, फ्लॅशचं जास्त. :) तुला तो चेहऱ्यावर आपटणारा फ्लॅश आणि मागे काळाकुट्ट अंधार हवा असेल तर दोन्हीत मिळेल. फ्लॅश कायम चालू ठेव, झालं विंटेज.

घेताना बघ: लेन्स आत-बाहेर होताना करकर नको, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग आहेत का ते बघ, आणि बॅटरी अजून मिळते का ते आधी शोध. पेन्सिल सेलवाला असेल तर ती चिंता नाही.

सह्यभ्रमर
बघा, परत सेल. आणि कार्ड! जुन्यात ६४ जीबीचं घालून 'कॅमेरा बिघडला' म्हणतात मुलं. २००६ च्या आधीचा असेल तर २ जीबीपर्यंतचं साधं एसडी, नंतरच्यांत ३२ पर्यंतचं एसडीएचसी बहुतेक चालतं. एक्सडी (आणखी एक वेगळं कार्ड) वाला मात्र कार्डासकट मिळत असेल तरच घे.

पोरगी_धाग्यावर
थँक्यू काका! दोन्ही काका!

सह्यभ्रमर
काका?? :(

अर्धा_कप
@सोनटक्का, सीतेची आसवं मिळाली का मग? आम्ही ऑगस्टअखेर गेलो तर नुसतं हिरवं होतं.

सोनटक्का
मिळाली की. सप्टेंबरच्या मध्यावर जा, पाऊस जरा उघडल्यावर. शनिवार-रविवार टाळा, आणि आधी ऑनलाइन बुकिंग करा. भाकरी-पिठलं खाली गावात मिळतं, छान असतं.

नदीकाठ
पिठल्यात ताक घालतात का तिथे?

माडाखाली
घाटावर नाही घालत बहुतेक. आमच्याकडे आमसूल.

नदीकाठ
आमसूल? पिठल्यात? वेगळा धागा काढा बघू.