पुनर्जन्म, पण नेमका कुणाचा?

"कर्म आणि पुनर्जन्म हिंदू आणि बौद्ध दोन्ही धर्मांत आहेत, मग फरक काय?" असं एकाने विचारलंय. खरी मेख आत्म्यापाशी आहे. गीतेतला आत्मा जुने कपडे टाकून नवे घालतो. बुद्ध म्हणतात, कपडे घालणारा असा कायमचा कुणी नाहीच. मग जन्म कुणाचा? बौद्ध भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला एका दिव्यावर दुसरा दिवा लावण्याचा दाखला दिला होता. परवा दादरला घरी लाइट गेली, आईने एका मेणबत्तीवर दुसरी पेटवली, तेव्हा तो मला कळला. पहिलीतून उचलून काहीच नेलं नाही, तरी दुसरी तिच्यामुळेच पेटली. पुनर्जन्मही तसाच. (आत्मा आणि ब्रह्म एकच मानणारे अद्वैतवाले या विचाराच्या बरेच जवळ येतात, पण ब्रह्म हे कायमचं तत्त्व काही सोडत नाहीत.) आणि ते 'बुद्ध विष्णूचा नववा अवतार' चैत्यभूमीवर बोलून बघा! बाबासाहेबांनी १९५६ साली बौद्ध धम्माची दीक्षा देताना दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी पाचवी नेमकं तेच नाकारते.