दोन ग्राफिक्स कार्डांची मेमरी एकत्र धरता येते का?
८ जीबीची दोन कार्डे लावली की गेमला १६ जीबी मिळते, असे गणित अनेकदा मांडले जाते; पण एसएलआय (एनव्हिडियाची) आणि क्रॉसफायर (एएमडीची) या गेमसाठी दोन कार्डे जोडण्याच्या, आता मागे पडलेल्या, दोन्ही पद्धतींत ते चुकत असे. या पद्धतींत बहुधा एक फ्रेम (पडद्यावरचे एक चित्र) पहिले कार्ड आणि पुढची फ्रेम दुसरे कार्ड काढत असे. दृश्य जवळपास तेच असल्यामुळे सगळी टेक्स्चर्स (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) दोन्ही कार्डांवर स्वतंत्रपणे ठेवावी लागत आणि वापरता येणारी मेमरी ८ जीबीच राहत असे. एका कार्डाने दुसऱ्याच्या मेमरीतून का वाचू नये, या प्रश्नाचे उत्तर वेगात आहे: जीटीएक्स १०८० या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ३२० जीबी देते, तर कार्ड संगणकाला जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेस ३.० या मार्गाच्या सोळा लेन मिळून एका दिशेने जेमतेम १६ जीबी. २०१२ च्या जीटीएक्स ६९० वर ४ जीबी असे छापलेले असे, पण त्या एकाच कार्डावर दोन चिप होत्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला २ जीबीच येत. जाहिरातीचे गणित, दुसरे काय!

मात्र भाषा-मॉडेल घरी चालवणाऱ्यांसाठी चित्र वेगळे आहे. लामा डॉट सीपीपी (अशी मॉडेल्स चालवणारे सॉफ्टवेअर) मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटून देते, त्यामुळे २४ जीबीच्या दोन कार्डांवर सुमारे ४० जीबीचे मॉडेल खरोखर बसते, कारण कार्डांदरम्यान केवळ एका थराचे लहानसे आउटपुट पाठवावे लागते. या मांडणीत थर एकामागून एक चालत असल्याने उत्तर तयार होताना एका वेळी एकच कार्ड काम करते. म्हणजे जागा वाढते, वेग दुप्पट होत नाही.