अँडीजमधील प्रदेशनिष्ठ पक्ष्यांसाठी आठ दिवस कसे वापरावेत?

प्रश्न (सातारा):
कास, ठोसेघर आणि कोयनेच्या परिसरात मी गेली १२ वर्षे पक्षी पाहत आहे. कामानिमित्त एक्वाडोरमध्ये कीटो येथे जायचे असून त्यानंतर ८ दिवस मोकळे आहेत. काळ्या छातीचा पफलेग हा हमिंगबर्ड एक्वाडोरखेरीज जगात कोठेही आढळत नसल्यामुळे त्याची फार ओढ आहे. सारा वेळ अँडीजच्या एकाच उतारावर द्यावा की पूर्व-पश्चिम दोन्ही पाहावेत? कासच्या सुमारे १,२०० मीटर उंचीची सवय असलेल्याला वर कितपत त्रास होतो?

उत्तर (सांगली):
त्रास होतो, आणि तो मी अनुभवला आहे. पहिल्याच दिवशी मी पापायाक्ताच्या खिंडीत, म्हणजे सुमारे ४,००० मीटरवर गेलो आणि दुपारपर्यंत डोके असे ठणकू लागले की दुर्बीण डोळ्यांना लावणेही नकोसे झाले. आपण पहिले दोन दिवस कीटोतच (२,८५० मीटर) काढावेत आणि मग पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावरील यानाकोचा या राखीव जंगलात जावे. तेथील वाट बरीचशी सपाट आहे. पफलेग दिसेलच असे नाही, परंतु तलवारीसारख्या चोचीचा हमिंगबर्ड तेथे पोटभर पाहता येतो. त्याची चोच शेपटी वगळता उरलेल्या शरीराहून लांब असल्यामुळे तिने पिसे साफ करता येत नाहीत. तो फांदीवर चोच वर करून बसतो आणि पायानेच मान खाजवतो.

दोन्ही उतार अवश्य पाहावेत. अँडीजची धार मेघवनातील पक्ष्यांना भिंतीसारखी आडवी येते, म्हणून पश्चिमेला प्लेट-बिल्ड माउंटन टुकान भेटतो, तर पूर्वेला त्याचा राखाडी छातीचा भाऊबंद. वर पारामोत, जेथे झाडे संपून गवत आणि दलदल सुरू होते, तेथे चुकिरागा या झुडपाच्या नारिंगी फुलांवर हिलस्टार हा हमिंगबर्ड शोधावा. रात्रीच्या गारठ्यात तो शरीराचे तापमान उतरवून निपचित राहतो, त्यामुळे ऊन पडेपर्यंत धीर धरावा.

उत्तर (कराड):
पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्यावी. प्रमाणपत्र नसल्यास भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. आणखी एक कळकळीची विनंती आहे: अँटपिट्टा हा जमिनीवर वावरणारा लाजाळू पक्षी दिसावा म्हणून त्याचा ध्वनिमुद्रित आवाज वारंवार वाजवू नये. मिंदो गावाजवळ आंगेल पास या शेतकऱ्याने गांडुळे देऊन जायंट अँटपिट्टाला समोर येण्याची सवय लावली आहे. पहाटे तेथे जाऊन निश्चल उभे राहावे, म्हणजे पक्षी स्वतःहून वाटेवर उतरतो.