अमेरिकेची ऑर्डर अडकली: मोरॅटोरियम घ्यावं, नवं कर्ज घ्यावं की माल इथेच विकावा?

तर्रीपोहा:
मंडळी, निर्यात आणि बँकेतलं कळणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. डिसेंबर २०२५ लागला आहे, म्हणून जरा घाई.

हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. सुती किचन टॉवेल, टेबल नॅपकिन असा माल, बहुतेक सगळा अमेरिकेला जाणारा. ७ ऑगस्टला तिकडे २५ टक्के टॅरिफ लागलं, २७ तारखेला आणखी २५. आमचा बायर आधी म्हणाला थांबा, मग म्हणाला टॅरिफचा अर्धा भार तुम्ही उचला. आता मेलला उत्तरच देत नाही. कार्टन गोदामात छताला टेकले आहेत आणि एकूण एक नॅपकिनवर त्याच्या ब्रँडचं लेबल शिवलेलं. जुलैत उचललेलं पॅकिंग क्रेडिट, म्हणजे निर्यातीचा माल बनवायला बँकेने आधी दिलेलं कर्ज, डोक्यावर आहेच.

नोव्हेंबरात केंद्राने २५,०६० कोटींचं निर्यात प्रोत्साहन मिशन मंजूर केलं, सोबत २०,००० कोटींची कर्जहमी योजना. रिझर्व्ह बँकेनेही १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरच्या हप्त्यांना आणि व्याजाला मोरॅटोरियम, म्हणजे भरणा पुढे ढकलायची सवलत, देण्याची मुभा बँकांना दिली. पेपरात वाचून बरं वाटलं. शाखेत गेलो तर उत्तर, "वरून काही आलं नाही." आता काहून नाही आलं, हे कोणाला विचारायचं?

माझी अडचण वेगळीच आहे. जे मिळतंय ते सगळं कर्जावर मिळतंय, ऑर्डर कोणीच देत नाही. २००८ च्या मंदीत कापडवाल्यांना निर्यात कर्जाच्या व्याजात २ टक्के सूट होती, निदान खर्च तरी उतरायचा. अलीकडची व्याज समानीकरण योजना ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. मिशनमध्ये व्याजसवलत आहे म्हणतात, पण तिचे नियम निघायचे आहेत.

एक सवलत मात्र लगेच आली: कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क ऑगस्टमध्येच तात्पुरतं काढलं, आमच्यासारख्यांच्याच नावाने. माझे काका हिंगणघाटकडे कापूस पिकवतात. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल आणि खेड्यात व्यापारी त्याच्या किती तरी खाली मागतो. दिवाळीला काका माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

असो. मोरॅटोरियमसाठी भांडू, हमी योजनेतून आणखी वर्किंग कॅपिटल (खेळतं भांडवल) घेऊ, की मिळेल त्या भावात माल काढू?

जुना_बँकवाला:
भाऊ, मोरॅटोरियम म्हणजे माफी नाही. व्याज चालूच राहतं, फक्त व्याजावर व्याज लागत नाही. साचलेलं व्याज वेगळ्या मुदत कर्जात टाकून सप्टेंबर २०२६ पर्यंत फेडायचं. ३१ ऑगस्टला खातं स्टँडर्ड, म्हणजे एनपीए न झालेलं, होतं ना? मग तुम्ही बसता, तुमचा माल रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या ६३ व्या चॅप्टरमध्ये (कस्टमच्या वर्गवारीतला) येतो. पण देणं बँकेच्या मर्जीवर आहे, सक्ती नाही. शाखेत तोंडी विचारत बसू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि त्याची प्रत तुमचं निर्यात कर्ज जिथे हाताळतात त्या विभागाला मेल करा.

तुमच्या कामाची गोष्ट त्याच आदेशात खाली दडली आहे. ३१ ऑगस्टपर्यंत घेतलेल्या पॅकिंग क्रेडिटचा माल जाऊ शकला नसेल, तर ते देशातल्या विक्रीच्या पैशातून किंवा दुसऱ्या निर्यात ऑर्डरवर फेडायची परवानगी बँक देऊ शकते. अर्जात हे स्वतंत्र मागा. इथे विकलं तर जीएसटी लावावा लागेल, ड्रॉबॅक आणि आरओएससीटीएल हे निर्यातीवरचे कर-परतावे विसरा.

हमी योजनेत मंजूर लिमिटच्या २० टक्क्यांपर्यंत जादा मिळू शकतं, तारण लागत नाही. पण हमी बँकेला असते, तुम्हाला नाही; कर्ज तुम्हालाच फेडायचं. हातात पक्की ऑर्डर नसेल तर मी तरी घेणार नाही.

तर्रीपोहा:
देशातल्या विक्रीचा मुद्दा शाखेत कोणी काढलाच नव्हता, आभारी आहे. ईसीजीसीची (सरकारी निर्यात विमा कंपनी) पॉलिसी आहे आमची, तिचा काही उपयोग? आणि त्या लेबलांचं काय करायचं?

जुना_बँकवाला:
माल निघालाच नाही, त्यामुळे नेहमीच्या शिपमेंट पॉलिसीत क्लेम बसणार नाही. लेबल न काढता विकू नका, ब्रँड त्याचा आहे. आधी बायरकडून लेखी ना-हरकत मागा. नाहीच दिली तर उसवायला बायका लावा आणि ती मजुरी भावात धरा.