लायनर कुणी खाल्ला, जळक्या ऑइलने की धुळीने?

विहीरकाठ:
विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं ऑइल इंजिन गॅरेजचं जळकं ऑइल गाळून, डिझेलात मिसळून चालवतो. आता कॉम्प्रेशन गेलंय. हेड उतरवलं तर लायनरला (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) पिस्टनच्या पहिल्या रिंगेच्या जागी नख अडकेल अशी कड, खाली मात्र होनिंगच्या (नव्या लायनरवर घासून पाडलेल्या) रेघा शाबूत. मिस्त्री जळक्या ऑइलला दोष देतो. मला पटत नाही. इंधनात कचकच असती तर आधी इंधनाच्या पंपाचा प्लंजर (आत सरकणारा दांडा) गेला असता, त्याची फट जेमतेम दोन-तीन मायक्रॉन. तो आरशासारखा आहे. मला संशय एअर क्लीनरचा.

फिटर सांगली:
प्लंजर चांगला म्हणून ऑइल निर्दोष ठरत नाही, दादा. गाळणीत कीस अडकतो. ऑइलात विरघळलेलं जस्त, कॅल्शियम, फॉस्फरस कुठलीच गाळणी अडवत नाही. ते प्लंजरमधून गुपचूप जातं आणि जळल्यावर त्याची राख होते. पिस्टनच्या डोक्यावर, एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर पांढरट कडक थर आहे का बघा. असला तर मिस्त्री बरोबर.

विहीरकाठ:
थर आहे, पण पातळ. उलट हवा आत घेणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हचा गाइड (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती नळी) एक्झॉस्टच्या गाइडपेक्षा जास्त ढिला आहे. राख त्या वाटेने येत नाही. क्लीनरच्या पुढच्या पाइपात पांढरं फडकं फिरवलं तर लाल माती निघाली. पॅकिंग फाटलेलं होतं.

मळेवाला:
दोघंही पाणी विसरलात. विहिरीचं गार पाणी थेट जॅकेटमधून (लायनरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीतून) सोडता ना? मग लायनर तापतच नाही. जड ऑइल अर्धवट जळतं, डिझेल-ऑइलमधल्या गंधकाचं आम्ल गार भिंतीवर बसतं. ती झीजही वरच्याच टोकाला होते. उभे ओरखडे दिसले तर धूळ, निस्तेज, बारीक खड्डे पडल्यासारखं दिसलं तर आम्ल.

विहीरकाठ:
ओरखडेच आहेत, उभे. पॅकिंग बदलतो, पाणी टाकीतून फिरवतो, ऑइल चालू ठेवतो.

फिटर सांगली:
पॅकिंग आणि पाणी दोन्ही एकदम बदललंत तर कळणार काय? आणि माझा विरोध फक्त लायनरपुरता नाही. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ च्या नियमांनुसार ते परवानाधारकाकडेच जायला हवं. त्यातले धातू सायलेन्सरमधून तुमच्याच विहिरीकाठच्या कडवळावर पडतात. ते गुरं खातात, आणि त्यांचं दूध तुमच्या घरात येतं.