मदत हवी आहे: आत्याचं सहा आठवड्यांचं रेडिएशन, परळजवळ ठेवावं की डोंबिवलीहून रोज न्यावं?

माझी सख्खी आत्या पाटणजवळच्या खेड्यात राहते. वय ६१. लग्न होऊन आल्यापासून तंबाखूची मिशरी लावायची. खालच्या हिरडीपाशी, गालाच्या आत जखम झाली, ती दाढ लागतेय म्हणून कितीतरी महिने तिकडे नुसती औषधं घेत राहिली. तुकडा तपासायला पाठवायचं कुणालाच सुचलं नाही, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

शेवटी तिला परळला टाटा हॉस्पिटलमध्ये आणलं, तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन होऊन चार आठवडे झाले. जबड्याचा थोडा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, जखम छान भरली आहे. आता ३० वेळा रेडिएशन घ्यायचं आहे, सोमवार ते शुक्रवार असे सहा आठवडे, आणि सोबत आठवड्यातून एकदा केमो. एकदा सुरू झालं की मध्ये खाडा करायचा नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. खाडे पडले की उपचाराचा जोर कमी होतो म्हणे. पैशांचं महात्मा फुले योजनेतून बरंचसं भागलं, ती चिंता नाही.

चिंता जागेची आहे. आमचं घर डोंबिवलीला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. कॅन्सरच्या पेशंटला लोकलच्या दिव्यांग डब्यातून जाता येतं हे माहीत आहे, पण सकाळी तो डबाही भरलेला असतो आणि तिची मान अजून आखडलेली आहे. मशीनवर पाच-दहा मिनिटंच लागतात, पण नंबर येईपर्यंत किती थांबावं लागतं याचा भरवसा नाही. दुसरा पर्याय म्हणजे दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन. दोन्हीकडे उद्या विचारणार आहे, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातही जाऊन येईन. आत्तेभाऊ सोबत राहील, पण त्याला स्वयंपाकातलं काही येत नाही. तिथे पेशंटसाठी पातळ काही शिजवून, गाळून घ्यायची सोय असते का? कोणी राहिलं असेल तर सांगा. फुटपाथवर पथारी टाकून राहिलेली माणसं रोज पाहते, तशी वेळ तिच्यावर येऊ द्यायची नाही.

आता खरं अडलंय ते सांगते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटतं, थुंकी गिळणंही जड जातं, तेव्हा पातळ अन्न पोटात जायला नाकातून नळी घालावी लागेल, अशी कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली आहे. आत्या ऐकायला तयार नाही. ऑपरेशननंतर नळी होती तेव्हा ती निघेपर्यंत कुणाशी बोलली नाही. त्यांच्या गावात एका माणसाला नळी घातली आणि तो पंधरा दिवसांत गेला, ते तिच्या डोक्यात बसलंय. "नळी आली की माणूस संपला," एवढंच म्हणते. वजन आधीच ४३ किलो आहे. आंबील, पेज, दूध यावर आहे, पण तेही तोंडाने किती दिवस जाईल?

बाकी सगळं ती मुकाट्याने करते. रेडिएशननंतर दाढ काढली तर हाड नीट भरून न येण्याचा धोका असतो, म्हणून दोन किडक्या दाढा आधीच काढून घेतल्या, तेव्हाही कुरकुर केली नाही. तोंड आखडू नये म्हणून आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायचा व्यायाम दिलाय, तो न सांगता करते. काल बारा काड्या गेल्या तर मला बोलावून दाखवलं.

रेडिएशनच्या काळात नळी लावून, नंतर ती निघून पुन्हा भाकरी चुरून खायला लागलेलं कुणी तुमच्या घरात आहे का? एखादी बाई असेल तर फारच बरं. माझं आत्याला पटत नाही, मी तिच्यासाठी अजून लहानच आहे. फोनवर पाच मिनिटं बोललात तरी चालेल, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रेडिएशन घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याचा मास्क लागतो, तो बनवायला बुधवारी बोलावलंय, त्याआधी बोलणं झालं तर बरं होईल.